पिंजऱ्यात शिकारी, मोकळा सौदागर

वन्यजीवांच्या शिकारीविरुद्धचा कायदा कडक आहे, नखावरून वाघ ओळखणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत. तरीही गुन्ह्यापासून निकालापर्यंतच्या वाटेवर खटला कुठे आणि का निसटतो?

१९७४ साली दिल्लीत एका किशोरवयीन मुलाला अटक झाली. त्याच्याकडे वाघ, बिबट्या आणि इतर प्राण्यांची मिळून ६८० कातडी सापडली. वन्यजीव संरक्षण कायदा होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्या मुलाचे नाव संसारचंद. राजस्थानातील एका खटल्यात त्याला झालेली पाच वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, तेव्हा २०१० साल उजाडले होते. त्या निकालपत्रात १९७४ ते २००५ या काळात तो आणि त्याच्या टोळीवर वन्यजीवांशी संबंधित ५७ गुन्हे असल्याचा उल्लेख आहे.

हा आकडा एका कारकिर्दीचा आहे. गुन्हे नोंदवले गेले, अटकाही झाल्या, मालही सापडला. तरी धंदा तीस वर्षे चालू राहिला. सीबीआयच्या चौकशीत त्याने वाघांची ४७० आणि बिबट्यांची २,१३० कातडी विकल्याचे सांगितले आणि तेही नेपाळ-तिबेटकडच्या केवळ चार ग्राहकांना. २०१४ मध्ये तो कर्करोगाने मरण पावला.

त्याच काळात राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात कागदावर वाघ होते. २००४ च्या गणनेतही डझनभराहून अधिक वाघ दाखवले गेले. २००५ च्या सुरुवातीला शोध घेतला तेव्हा तिथे एकही वाघ उरला नसल्याचे स्पष्ट झाले. देशाला धक्का बसला. पंतप्रधानांनी सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमले. पाठोपाठ २००६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आले आणि २००७ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो स्थापन झाला.

वाघांची संख्या त्यानंतर वाढली, हे खरे. २००६ मध्ये देशात १,४११ वाघ असल्याचा अंदाज होता, २०२२ मध्ये तो ३,६८२ वर गेला. त्यापैकी ४४४ महाराष्ट्रात. पण वाघ वाढले म्हणजे शिकार थांबली असे नाही. उलट वाघ जितके अधिक, तितके ते अभयारण्याबाहेर, शेतशिवारात आणि शिकाऱ्याच्या आवाक्यात अधिक. आणि वाघाकडे निदान सगळ्यांचे लक्ष असते. खवले मांजर, कासव, मांडूळ, घोरपड, पोपट यांच्या वाट्याला तेवढेही लक्ष येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०१५ ते २०२१ या काळात १६२ देश आणि प्रदेशांमध्ये सुमारे चार हजार वन्य प्राणी आणि वनस्पती प्रजातींची बेकायदा मालवाहतूक पकडली गेली. हा फक्त पकडलेल्या मालाचा हिशेब आहे.

फिर्यादी नसलेला गुन्हा

घरफोडी झाली की घरमालक पोलिसांत जातो. खून झाला की माणूस हरवल्याची बोंब होते. जंगलात वाघीण मेली तर कोण तक्रार करणार? वन्यजीव गुन्ह्याची पहिली अडचण हीच आहे. इथे बळी पडलेला बोलत नाही, त्याचे नातेवाईक नसतात आणि गुन्हा घडला हेच अनेकदा कळत नाही.

संघटित टोळ्या दात असलेले लोखंडी सापळे पाणवठ्याच्या वाटेवर पुरतात. पाय अडकला की प्राण्याला भाला किंवा काठीने मारतात, कारण गोळीचा आवाज दूर जातो आणि कातडीला भोकही पडते. कातडी सोलून, हाडे वेगळी करून काही तासांत सगळे गायब होते. उरलेले मांस रानडुकरे, कोल्हे आणि गिधाडे संपवतात. पावसाळ्यात तर आठवड्याभरात मागमूसही राहत नाही. वनरक्षकाला वास आला, घोंघावणाऱ्या माश्या दिसल्या, तरच शोध लागतो. कॅमेरा ट्रॅपमध्ये नेहमी दिसणारा वाघ काही महिने दिसला नाही, तर तो स्थलांतरित झाला, म्हातारपणाने मेला की मारला गेला, हे सांगणे अवघड असते.

विदर्भात आणखी एक प्रकार आहे. रानडुकरांपासून पीक वाचवायला शेतकरी कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडतात आणि तिला वाघ किंवा बिबट्या चिकटतो. घाबरलेला शेतकरी मृतदेह पुरतो. कधी त्याआधी कुणी नखे आणि दात काढून नेतो. कायद्याच्या व्याख्येत सापळा, विष किंवा अन्य मार्गाने मारणे ही शिकारच आहे. मात्र पीक वाचवणारा शेतकरी, संधी साधून नखे विकणारा आणि वाघासाठीच आलेली टोळी यांना एकाच मापाने मोजले, तर तपासाची शक्ती सोप्या आरोपीवर खर्च होते. टोळी तोवर पुढच्या जंगलात पोहोचलेली असते.

पंचनाम्यात सांडलेला पुरावा

खुनाच्या ठिकाणी पोलीस दोरी बांधतात, छायाचित्रकार येतो, न्यायवैद्यक पथक येते. जंगलात मृत प्राण्याजवळ सर्वांत आधी पोहोचतो तो वनरक्षक. त्याचे प्रशिक्षण मुख्यतः जंगल राखण्याचे असते, गुन्ह्याच्या तपासाचे नव्हे. सापळा हाताने उचलला की त्यावरचे ठसे गेले. बघ्यांची गर्दी झाली की पावलांच्या खुणा गेल्या. नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून उन्हात ठेवला की आतल्या दमटपणाने बुरशी येते आणि डीएनए खराब होतो.

त्याहून मोठी अडचण कागदाची असते. जप्त केलेली वस्तू कुणाच्या हातातून कुणाच्या हाती गेली, सील केव्हा लागले, प्रयोगशाळेत ते शाबूत पोहोचले का, याची सलग नोंद लागते. पंचनाम्यात ‘वाघाची अठरा नखे’ लिहिले आणि प्रयोगशाळेच्या पावतीवर सतरा, तर बचाव पक्षाला दुसऱ्या मुद्द्याची गरज नसते. वाघाच्या पुढच्या प्रत्येक पंजाला पाच आणि मागच्या प्रत्येक पंजाला चार अशी अठरा नखे असतात. त्यामुळे हा आकडा न्यायालयात हमखास विचारला जातो.

जिवंत प्राण्यांचा प्रश्न वेगळाच. जप्त केलेले शंभर कासव हा पुरावा असतो आणि ते भुकेलेही असतात. खटल्याचा निकाल लागेपर्यंत त्यांना गोदामात ठेवता येत नाही. न्यायालयाची परवानगी घेऊन त्यांना बचाव केंद्रात किंवा मूळ अधिवासात सोडावे लागते. त्याआधी मोजणी, छायाचित्रे, प्रजातीची ओळख हे सगळे पक्के झाले नसेल, तर पुरावा आणि कासव दोन्ही हातचे जातात.

प्रयोगशाळा काय सांगते

विज्ञानाच्या बाजूने मात्र गेल्या तीन दशकांत मोठी प्रगती झाली आहे. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि हैदराबादची पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र संस्था (सीसीएमबी) यांच्याकडे देशभरातून नमुने जातात. शिजवलेले मांस, कमावलेली कातडी, हाडाचा तुकडा यांतूनही डीएनए मिळवता येतो. पेशीतील मायटोकॉन्ड्रियामध्ये डीएनएच्या शेकडो प्रती असतात. त्यामुळे नमुना खराब झाला तरी त्यातला एखादा तुकडा वाचता येतो आणि त्यावरून प्रजाती ठरते. चित्रकारांचे ब्रश मुंगुसाच्या केसांचे आहेत का, हे तर सूक्ष्मदर्शकाखाली केसाच्या रचनेवरूनही कळते.

वाघाच्या पट्ट्यांची नक्षी माणसाच्या बोटांच्या ठशांसारखी असते. प्रत्येकाची वेगळी. जप्त केलेल्या कातडीचे छायाचित्र कॅमेरा ट्रॅपच्या संग्रहाशी ताडून, तो वाघ कोणत्या जंगलातला होता हे सांगता येते. हस्तिदंताच्या बाबतीत अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे सॅम्युअल वॉसर यांनी आफ्रिकेतील हत्तींच्या विष्ठेतून डीएनएचा नकाशाच तयार केला. मोठ्या जप्तींमधला बहुतांश हस्तिदंत मोजक्या दोन-तीन प्रदेशांतून येतो, हे त्यातून २०१५ मध्ये दिसले. २०१८ मध्ये त्यांच्या गटाने एकाच हत्तीचे दोन दात वेगवेगळ्या जप्तींमध्ये सापडल्याचे दाखवले. दोन वेगळ्या देशांतले दोन वेगळे खटले वाटत होते, त्यांच्यामागे टोळी मात्र एकच होती.

किरणोत्सारी कार्बनची चाचणी याहून वेगळा प्रश्न सोडवते. १९५० आणि ६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण वाढले आणि नंतर ते हळूहळू उतरत गेले. त्याची खूण दातात उमटते आणि त्यावरून हत्ती केव्हा मेला ते कळते. जप्त हस्तिदंतावरील २०१६ मधील एका अभ्यासात बहुतेक हत्ती जप्तीच्या आधी तीन वर्षांच्या आत मेल्याचे आढळले. ‘हा माल आजोबांच्या काळातला, बंदीच्या आधीचा आहे’ हा व्यापाऱ्यांचा ठरलेला बचाव या चाचणीपुढे टिकत नाही.

प्रयोगशाळेला मर्यादाही आहेत. ही कातडी वाघाची आहे, हे डीएनए सांगतो. तो वाघ कुणी मारला, हे तो सांगत नाही. आरोपीच्या कुऱ्हाडीवर, कपड्यांवर किंवा चुलीजवळ त्याच प्राण्याचे रक्त सापडले, तरच माणूस आणि गुन्हा जोडला जातो. शिवाय बाजारात गुराच्या शिंगापासून घडवलेली नखे आणि रंगवलेली कातडी सर्रास विकली जातात. अहवाल येईपर्यंत हा वन्यजीव गुन्हा आहे की निव्वळ फसवणूक, हेच ठरत नाही. तो यायला महिने लागले तर आरोपीला जामीन मिळालेला असतो.

कायदा कडक, वाट लांब

१९७२ च्या कायद्यात पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दंडही वाढवला. ताब्यात वन्यजीवाचा अवयव सापडला, तर तो बेकायदाच आहे असे गृहीत धरले जाते आणि तसे नसल्याचे आरोपीला सिद्ध करावे लागते. सहायक वनसंरक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला साक्षी नोंदवण्याचे अधिकार आहेत आणि आरोपीसमोर नोंदवलेली साक्ष खटल्यात ग्राह्य धरली जाते. पोलिसांकडेही नसलेला हा अधिकार आहे.

मग अडते कुठे? पहिले उत्तर प्रक्रियेत आहे. या कायद्याखालील गुन्ह्याची दखल न्यायालय केवळ अधिकृत अधिकाऱ्याच्या तक्रारीवरूनच घेऊ शकते. पोलिसांनी नेहमीच्या सवयीने नुसतेच आरोपपत्र दाखल केले, तर तेवढ्या एका चुकीवर खटला कोसळू शकतो. तक्रारीवरून चालणाऱ्या गंभीर खटल्यात आरोप ठेवण्याआधी साक्षीदार तपासले जातात आणि आरोप ठेवल्यानंतर त्यांना उलटतपासणीसाठी पुन्हा बोलावता येते. दरम्यान वनपालाची बदली होते, वनक्षेत्रपाल निवृत्त होतो, पंच म्हणून सही करणारा गावकरी ‘मला वाचता येत नाही, साहेबांनी अंगठा घेतला’ असे सांगून मोकळा होतो. त्याचेही चुकत नाही. एका दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जायचे, तारीख पडली की परत यायचे आणि राहायचे त्याच गावात, आरोपीच्या शेजारी.

दुसरे उत्तर जामिनाच्या तरतुदीत आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्यांत जामिनासाठी कडक अटी आहेत, असे अनेकदा सांगितले जाते. पण कायद्याचे शब्द नीट वाचले तर ही तरतूद आधी दोषी ठरलेल्या आरोपीलाच लागू होते. खटले वर्षानुवर्षे चालत असतील आणि दोषी ठरण्याचे प्रमाण कमी असेल, तर सराईत आरोपीही कागदावर पहिलटकरच राहतो. डोक्यावर पाच खटले असूनही सहाव्या शिकारीला तो मोकळा असतो.

तिसरे उत्तर प्राधान्यक्रमात आहे. तालुक्याच्या न्यायालयासमोर खून, बलात्कार, हुंडाबळी, जमिनीचे वाद यांचा ढीग असतो. त्यात कासवांचा खटला मागे पडतो. सरकारी वकिलाला वर्षातून एखादे असे प्रकरण येते. अनुसूची, कलमे आणि प्रजातींची शास्त्रीय नावे समजून घ्यायला त्याला सवड नसते. नामांकित वकील मात्र आरोपीच्या मागच्या व्यापाऱ्याला परवडतो.

जाळ्यात छोटा मासा

ताबा सिद्ध झाला की गुन्हा सिद्ध, हे गृहीतक कायद्याचे बळ आहे. तीच त्याची मर्यादाही आहे. कारण मोठा व्यापारी मालाला हातच लावत नाही. मारणारा वेगळा, कातडी कमावणारा वेगळा, बसमधून पोते नेणारा वेगळा. प्रत्येकाला फक्त पुढच्या माणसाचा फोन नंबर माहीत असतो. संसारचंदला शिक्षा झाली तो खटलाही २००३ मध्ये भिलवाडा स्थानकावर रेल्वेतून पकडलेल्या दुसऱ्याच माणसापासून सुरू झाला होता. त्या खोक्यातील बिबट्यांची कातडी आणि संसारचंद यांचा दुवा जोडायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

तुरुंगात जातात ते बहुधा या साखळीच्या तळाचे लोक. त्यांत पारधी, बहेलिया, बावरिया अशा समाजांची नावे वारंवार येतात. या समाजांवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ‘जन्मजात गुन्हेगार’ असा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशय गेला नाही. काही टोळ्या या समाजांतून येतात हे तपासात दिसले आहे. पण त्यामुळे जंगलाजवळ दिसलेला प्रत्येक पारधी संशयित ठरतो आणि हे केवळ अन्यायाचे नाही, तपासाच्या दृष्टीनेही घातक आहे. जंगलात कोण येते-जाते हे सर्वांत आधी ज्यांना कळते, तेच लोक तोंड मिटून घेतात. शिवाय एक शिकारी आत गेला की व्यापाऱ्याला दुसरा मिळतो. गरिबीमुळे ही जागा फार काळ रिकामी राहत नाही.

साखळीच्या वरच्या टोकाला पोहोचायचे तर पैशाचा माग काढावा लागतो. बेकायदा शिकार आणि व्यापारातून मिळवलेली मालमत्ता जप्त करण्याचे स्वतंत्र प्रकरण २००२ मध्येच कायद्यात आले आहे. आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याच्या यादीतही वन्यजीव गुन्हे आहेत. पण वनाधिकाऱ्याला बँक खात्यांचा तपास शिकवलेला नसतो आणि आर्थिक तपास यंत्रणांसमोर याहून मोठ्या रकमांची प्रकरणे असतात. आर्थिक गैरव्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या ‘एफएटीएफ’ या आंतरराष्ट्रीय गटाने २०२० च्या अहवालात हेच दुखणे जगभर असल्याचे नोंदवले. देश माल पकडतात, पैशाच्या मागे क्वचितच जातात.

सीमा ओलांडली की

वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा ‘साइट्स’ करार १९७५ पासून अमलात आहे. भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. हा करार व्यापाराचे नियम घालतो. गुन्हेगाराला शिक्षा देणे प्रत्येक देशाच्या स्वतःच्या कायद्यावर सोडलेले आहे. परिणामी एका देशात सात वर्षांची कैद असलेल्या गुन्ह्याला शेजारच्या देशात किरकोळ दंड असू शकतो.

भारतातही एक मोठी फट दीर्घकाळ होती. १९७२ च्या कायद्याचे संरक्षण भारतीय प्रजातींना होते. परदेशी माकडे, सरडे किंवा कासवे घेऊन येणारा प्रवासी विमानतळावर सापडला तर सीमाशुल्क कायदा लागे. एकदा तो बाहेर पडला, की घरात ते प्राणी बाळगणे वन्यजीव कायद्याखाली गुन्हाच नव्हता. मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्या सामानात असे जिवंत प्राणी वारंवार सापडतात. त्यांपैकी कित्येक प्रवासातच गुदमरून मेलेले असतात. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ‘साइट्स’च्या यादीतल्या प्रजातींसाठी स्वतंत्र अनुसूची आणि नोंदणीची सक्ती आणली, तेव्हा ही फट बुजवण्यास सुरुवात झाली.

कायदा कडक करूनही काय होऊ शकते, हे केनियात दिसले. तिथे २०१४ पासून नवा, अतिशय कठोर कायदा लागू झाला. त्याच वर्षी मोम्बासातील एका गाड्यांच्या आवारात दोन टनांहून अधिक हस्तिदंत सापडला. मुख्य संशयित देशाबाहेर पळाला, इंटरपोलच्या मदतीने त्याला टांझानियात पकडण्यात आले आणि २०१६ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. जगभर या निकालाचे कौतुक झाले. २०१८ मध्ये अपिलात तो निर्दोष सुटला. तपासातील आणि खटल्यातील त्रुटी तसेच मालाशी त्याला जोडणारा दुवा पुरेसा सिद्ध न होणे, ही कारणे होती. शिक्षा कितीही मोठी असली, तरी ती अपिलात टिकण्यासाठी पुरावाच लागतो.

नखाइतकेच औषधी

या सगळ्याच्या मुळाशी मागणी आहे आणि तिचा मोठा भाग आरोग्याच्या गैरसमजांवर पोसला जातो. खवले मांजराचे खवले आणि गेंड्याचे शिंग केराटिन या प्रथिनाचे बनलेले असते. माणसाची नखे आणि केसही त्याच प्रथिनाचे असतात. खवल्यांमुळे दूध वाढते, शिंगामुळे ताप उतरतो किंवा कर्करोग बरा होतो, याला वैद्यकीय आधार नाही. कोकणात आणि सह्याद्रीत आढळणारे खवले मांजर संकट आले की अंगाचा चेंडू करते. वाघ-बिबट्यांपासून वाचवणारी ही सवय माणसासाठी मात्र सोयीची ठरते, कारण त्याला नुसते उचलून पोत्यात घालता येते. चीनने २०२० मध्ये आपल्या अधिकृत औषधकोशातील कच्च्या औषधांच्या यादीतून खवले वगळले. खवल्यांचा चोरटा व्यापार मात्र संपलेला नाही.

महाराष्ट्रातील अंधश्रद्धा यात मागे नाहीत. मांडूळ घरी ठेवले की पैसा येतो, या समजुतीपायी हा निरुपद्रवी, बिनविषारी साप लाखोंच्या सौद्यात अडकतो. पूजेच्या साहित्यात ‘हत्था जोडी’ नावाने दुर्मीळ मुळी म्हणून विकली जाणारी वस्तू प्रत्यक्षात घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. घेणाऱ्याला ते माहीत नसते, तरी गुन्हा होतोच. हे सौदे आता दुकानात कमी आणि मोबाइलवर जास्त होतात. खाते बंद केले की दुसऱ्या नावाने उघडते. अशा ऑनलाइन व्यापाराविरुद्ध ब्युरोने ‘वाइल्डनेट’ नावाने मोहिमा राबवल्या आहेत.

शिक्षेची खात्री

गुन्हेगारीशास्त्राचा एक जुना सिद्धांत इथे उपयोगी पडतो. इटालियन विचारवंत चेझारे बेकारिया यांनी १७६४ मध्ये मांडले होते की, माणूस शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिच्या खात्रीला घाबरतो. उदाहरणापुरते मानू, की शंभर शिकारींपैकी वीस उघड होतात, त्यांतल्या दहांत कुणी पकडले जाते आणि एकात शिक्षा होते. मग कैद सात वर्षांवरून चौदा केली, तरी उरलेल्या नव्व्याण्णवांना काय फरक पडतो? तेच उघड होण्याचे आणि सिद्ध होण्याचे प्रमाण दुप्पट झाले, तर एकाचे चार होतात.

हे जमू शकते, याची उदाहरणे देशातच आहेत. २०१३ मध्ये मेळघाटात वाघांच्या शिकारीची प्रकरणे उघड झाली, तेव्हा वन विभागाने मोबाइल कॉलच्या नोंदी तपासून मध्य प्रदेशातील कटनी परिसरातल्या टोळ्यांपर्यंत माग काढला आणि अशा तपासासाठी स्वतंत्र सायबर कक्ष उभा केला. पुढे काही आरोपींना शिक्षाही झाल्या. वनाधिकारी आणि तांत्रिक तपास एकत्र आले, की खटला टिकतो हे त्यातून दिसले.

आसाममध्ये २०१३ आणि २०१४ या वर्षांत दरवर्षी पंचवीसहून अधिक गेंडे मारले गेले. २०२२ मध्ये तिथे एकाही गेंड्याची शिकार झाली नाही. १९७७ नंतर प्रथमच असे घडले. त्यामागे एकच जादू नव्हती. पोलीस आणि वन विभागाची संयुक्त पथके, खबऱ्यांचे जाळे आणि गस्त हे सगळे एकाच वेळी काम करत होते. सरकारने २०२१ मध्ये साठवणीतील जवळपास अडीच हजार शिंगे जाहीरपणे जाळून, त्यांना औषधी मोल नसल्याचा संदेशही दिला. गेंड्यांच्या डीएनएचा संग्रह तयार करण्याचे कामही देशात सुरू आहे. शिंग कुठेही सापडले तरी ते कोणत्या गेंड्याचे, हे त्यातून सांगता येईल.

यातून दिसणारे उपाय महागडे नाहीत. घटनास्थळी पहिल्या तासात काय करायचे आणि काय करायचे नाही, याचे प्रशिक्षण वनरक्षकाला द्यायला हवे. प्रादेशिक प्रयोगशाळा हव्यात आणि अहवालाला मुदत हवी. जिल्ह्यात एक तरी सरकारी वकील या कायद्यात मुरलेला हवा. राज्याराज्यांत विखुरलेल्या आरोपींची एकत्रित नोंद हवी, म्हणजे विदर्भात पकडलेल्या माणसावर राजस्थानात खटला आहे, हे जामिनाच्या वेळीच न्यायाधीशांसमोर येईल. पंचांना भत्ता आणि संरक्षण मिळायला हवे. आणि प्रत्येक मोठ्या जप्तीनंतर बँक खात्यांचा तपास आपोआप सुरू व्हायला हवा.

बाकीचा भाग नागरिकांच्या हातात आहे. वाघनख म्हणून गळ्यात घालायला दिलेले पदक, पैसा देणारे मांडूळ, पूजेतली ‘मुळी’, मुलासाठी आणलेले चांदणी कासव किंवा पिंजऱ्यातला पोपट यांतले काहीही विकत घेणारा माणूस या साखळीचा शेवटचा दुवा असतो. वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर दिलेली माहिती हा अनेकदा तपासाचा पहिला धागा ठरू शकतो. जंगलातला बळी स्वतः फिर्याद देऊ शकत नाही. त्याच्या वतीने ती वेळेवर आणि नीट नोंदवली गेली, तरच पिंजऱ्यात शिकाऱ्याच्या शेजारी सौदागरही दिसेल.